घोड्यावरचा राजा, सोन्याचा फ्रँक

१३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा जाँ दुसरा इंग्रजांच्या हाती सापडला. सुटकेसाठी ठरली तीस लाख सोन्याची एक्यू नाणी. डिसेंबर १३६० मध्ये, मायदेशी परतताच, त्याने फ्रँक पाडण्याचा हुकूम काढला: जवळपास शुद्ध सोनं, सुमारे ३.९ ग्रॅम, मोल एक लिव्र (तेव्हाचं हिशेबाचं एकक). नाण्यावर चिलखतातला राजा तलवार उगारून घोडा दौडवतो आहे. कैदेतून नुकत्याच सुटलेल्या, खंडणीखाली दबलेल्या माणसाची ही प्रतिमा विलक्षण धाडसी आहे. पण खरं महत्त्व सोन्याच्या कसाचं. आधीच्या वर्षांत नाण्यांतला मौल्यवान धातू सतत घटवल्याने लोकांचा विश्वास उडाला होता. खंडणी मात्र पुरती फिटलीच नाही. तिच्या हमीसाठी ओलीस ठेवलेला मुलगा पळून गेल्यावर राजा स्वतःहून इंग्लंडला परतला आणि १३६४ मध्ये लंडनमध्येच वारला.