चिमटा कोणाला, माया कोणावर?

विनोदी लेखकाला लोक हमखास विचारतात, ‘तुम्हाला हे सुचते तरी कसे?’ मला दुसराच प्रश्न पडतो. हा माणूस लिहितो कोणासाठी? ज्यांची तो टिंगल करतो, त्यांच्याविषयी त्याच्या मनात तुच्छता असते की जिव्हाळा?

अशा वेळी मला श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आठवतात. १८७१ साली जन्मलेले कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यांचा पहिला विनोदी लेख आला, त्याचे नाव ‘साक्षीदार’. म्हणजे सुरुवात केली ती आपल्याच कोर्टकचेरीपासून! पुढे त्यांचा रोख वळला घराघरांतल्या रूढींकडे. सणवार, ज्योतिष, लग्नातले मानपान, काहीच सुटले नाही.

तो काळ सुधारक आणि सनातनी यांच्या खडाजंगीचा. कोल्हटकर सुधारकांच्या बाजूचे. पण त्यांनी रूढींवर तुटून पडणारा सुधारक उभा केला नाही. त्यांचा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे रूढींचे कट्टर अभिमानी. ते जुन्याची बाजू इतक्या निष्ठेने मांडतात की त्यातला पोकळपणा आपोआप उघडा पडतो. शिवाय ‘मी’ म्हणून बोलणारा सुदामाच सर्वांत आधी हास्यास्पद ठरतो. सनातनी वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता लेखक त्याच्याच पंगतीला पाट मांडून बसला आहे.

मग राग नव्हता? होता तर! रागाशिवाय उपहास म्हणजे नुसती टवाळी. पण तो राग रूढीवर होता, रूढीत अडकलेल्या माणसावर नव्हे. पुस्तकाचे नावच पाहा ना, ‘सुदाम्याचे पोहे’. पुराणातल्या सुदाम्याने पोहे नेले ते मित्राच्या घरी, आणि तेही संकोचत. १९१०च्या संग्रहाला जोडनाव होते ‘अठरा धान्यांचे कडबोळे’. तेही घरच्याच चुलीवरचे!

एक धोका मात्र या वाटेवर कायम असतो. खळखळून हसतो तो आधीच पटलेला वाचक. ज्याच्यासाठी लेख लिहिला, तो शेजाऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. मीही अधूनमधून असे चिमटे काढतो. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापून मांडवात पाकिटे मोजणाऱ्यांवर लिहिले, की ‘बरी जिरवलीत त्यांची!’ अशी शाबासकी मिळते. ती मला फारशी सुखावत नाही. ‘त्यांची’ जिरवण्यासाठी लिहिलेलेच नसते.

मला हवा असतो तो वेगळा वाचक. रविवारी सकाळी चहा घेताना घरच्यांना लेख मोठ्याने वाचून दाखवणारा, मनसोक्त हसणारा आणि एखाद्या ओळीपाशी थबकून ‘अहो, हे आपल्याबद्दल तर नाही?’ असे हळूच विचारणारा.