बाहेर पडण्याची कळ

घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. संगणकाच्या जगात मात्र 'येतो' आणि 'जातो' यांतला फरक नीट ओळखावा लागतो.

पायथॉन या संगणकभाषेत एक ओळ लिहून एंटर दाबले, की लगेच उत्तर मिळते. अशा सवाल-जवाबाच्या जागेला 'शेल' म्हणतात. नवशिक्या तिथे सहज शिरतो. अडतो तो बाहेर पडताना. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या, तर चाललेले काम थांबते, पण आपण आतच राहतो. लिनक्सवर रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दाबले, की आपण बाहेर. हे 'डी' कुठून आले? 1963च्या आस्की संकेतावलीत चौथ्या क्रमांकाच्या संकेताचा अर्थ 'प्रेषण संपले' असा आहे, आणि डी हे इंग्रजीतले चौथे अक्षर. टेलिप्रिंटरच्या जमान्यातला हा निरोप आजही चालतो.

विंडोजवर त्याच कामासाठी कंट्रोल-झेड आणि मग एंटर दाबण्याची जुनी रीत आहे. पण लिनक्सवर कंट्रोल-झेड म्हणजे 'येतो'! पायथॉन बंद होत नाही, नुसता थबकतो आणि स्मृतीतली जागा अडवून बसतो. 'एफजी' हा हुकूम दिला, की पुन्हा समोर हजर.

मग बाहेर पडण्याची कळ कशी असावी? सापडायला सोपी, पण चुकून दाबली जाणार नाही अशी. कळफलकावर सी आणि डी शेजारी-शेजारी आहेत. बोट जरा सरकले, तर तासाभरात जमवलेली आकडेमोड पुसली जाते, कारण शेलमधली माहिती तात्पुरत्या स्मृतीत असते. म्हणून आयपायथॉन निघताना 'खरंच जायचे का?' असे विचारतो. सांख्यिकीची 'आर' ही भाषा 'काम जपून ठेवू का?' असे विचारते.

उलट अतिसावधपणाही जाचक होतो. पायथॉनमध्ये नुसते 'एक्झिट' लिहिले, तर पूर्वी तो पुढे कंस लावायला सांगत असे. पाहुण्याला निघायचे आहे हे कळूनही दार उघडायचे नाही, असा तो प्रकार! ऑक्टोबर 2024मध्ये आलेल्या 3.13 या आवृत्तीच्या नव्या शेलमध्ये तेवढा एक शब्द पुरतो.

आपल्या हाती काय उरते? जपायचे ते आधी फाइलमध्ये लिहून ठेवावे. मग कोणत्याही कळेने निघा, मागे काही राहिल्याची रुखरुख नाही.