शोधणारास सांपडेल असें लिहावें कसें?

लेख लिहिणें ही एक गोष्ट आणि तो वाचकाच्या हातीं पडणें ही दुसरी. छापखान्याच्या काळांत ही दुसरी गोष्ट ग्रंथविक्रेते, ग्रंथपाल व मासिकांतील अभिप्राय यांच्याकडे असे. आज ज्यास इंटरनेटवर लिहावयाचें आहे, त्याच्या व वाचकाच्या मध्यें एक निराळाच द्वारपाल उभा आहे. त्यास 'सर्च इंजिन' म्हणतात. आम्ही या लेखांत त्यास शोधयंत्र म्हणूं. या द्वारपालास ओळखून लिहावें कसें, हें नवख्या लेखकांस व लेखिकांस सांगावें, एवढाच आमचा हेतु आहे. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. यंत्रविद्येचे आम्ही पंडित नव्हे. परंतु आमच्याच घरांत असा एक प्रसंग घडला कीं, हा विषय शिकणें आम्हांस भाग पडलें.

आमचें कुटुंब २०१९ सालीं निवर्तलें. मागें राहिली ती एक जाड पुठ्ठ्याची वही. तींत पन्नासांवर पाककृति, वाटीचमच्याचीं मापें आणि समासांत बारीक अक्षरांनीं लिहिलेल्या सूचना आहेत. हें सारें कपाटांत पडून राहूं नये, ज्या मुलींना घरीं सांगणारें कोणी नाहीं त्यांच्यापर्यंत तें पोहोंचावें, असें आमच्या सूनबाईच्या मनानें घेतलें. २०२१ च्या दिवाळींत तिनें स्वतःचें एक संकेतस्थळ उघडलें व एकेक कृति तेथें लिहूं लागली. भाषा गोड, छायाचित्रें सुरेख. अनारशांवरील लेखास तिनें मथळा दिला होता 'आठवणींचा गोडवा'. सहा महिने लोटले, तरी आप्तांवांचून तेथें कोणी फिरकलें नाहीं.

अशा वेळीं एका संस्थेच्या मनुष्याचा फोन आला. 'महिन्याभरांत गूगलवर पहिलें स्थान. न मिळाल्यास पैसे परत,' असें त्याचें बोलणें. सूनबाईनें तीन महिन्यांचे पैसे भरले. त्या मनुष्यानें केलें काय, तर प्रत्येक परिच्छेदांत 'अनारसे रेसिपी' हे शब्द पुनःपुन्हां कोंबले. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत आणखी शब्द दडविले. आणि ज्यांचा स्वयंपाकाशीं सुतराम् संबंध नाहीं अशा परदेशी संकेतस्थळांवरून शेंकडों दुवे, म्हणजे लिंका, विकत घेतल्या. कांहीं आठवडे वाचकांची संख्या वाढल्यासारखी दिसली. मग एके दिवशीं गूगलकडून सूचना आली कीं, नियमभंगामुळें या स्थळावर कारवाई झाली आहे. आणि सारें स्थळ शोधाच्या यादींतून नाहींसें झालें. पैसे परत मिळाले नाहींतच. पण त्यांचें दुःख नव्हतें. समासांतलें तें बारीक अक्षर चार लोकांच्या उपयोगीं पडावें म्हणून जी उभारणी केली, तिच्यावरच लबाडीचा शिक्का बसला, हें आम्हांस फार लागलें. त्या रात्रीं सासरा व सून असे आम्ही दोघे संगणकापुढें बसलों आणि या शास्त्राचा पहिल्यापासून अभ्यास करावयाचें ठरविलें.

शोधयंत्राचें काम तीन पायऱ्यांचें आहे. पहिली भ्रमंतीची: यंत्राचे दूत दुव्यादुव्यानें एका पानावरून दुसऱ्या पानावर हिंडतात. दुसरी सूचीची: जें दिसलें त्याची नोंद होते, मोठ्या ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची असते तशीच ही, फक्त ती अब्जावधि पानांची. तिसरी क्रमाची: वाचकानें प्रश्न टाकतांच सूचींतून योग्य तीं पानें काढून एकाखालीं एक मांडावयाचीं. लॅरी पेज व सर्जी ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठांतील दोघां विद्यार्थ्यांनीं १९९८ सालीं गूगल स्थापिलें, तेव्हां त्यांची मुख्य कल्पना ही होती कीं, एका पानानें दुसऱ्याकडे दुवा देणें म्हणजे त्याची शिफारस करणें. आणि मान्यवर पानांनीं ज्याची शिफारस केली तें पान वरचें. विद्वान् लोक एकमेकांच्या ग्रंथांचे संदर्भ देतात, त्यासारखेंच हें झालें.

परंतु जेथें शिफारशीस किंमत येते तेथें खोट्या शिफारशीहि येतात. त्यामुळें या यंत्राचा सारा इतिहास म्हणजे युक्त्या आणि त्यांवरील बंदोबस्त यांचा इतिहास होय. एके काळीं पानाच्या पोटांत, वाचकास न दिसणारी, शब्दांची एक यादी देत असत. तिचा इतका दुरुपयोग झाला कीं, क्रम लावतांना आपण ती पाहत नाहीं, असें गूगलनें २००९ सालीं जाहीर केलें. २०११ सालीं 'पांडा' नांवाच्या सुधारणेनें उथळ व उसनवारीचा मजकूर खालीं ढकलला. २०१२ सालीं 'पेंग्विन'नें विकतच्या दुव्यांची व शब्दांच्या कोंबाकोंबीची खबर घेतली. ऑगस्ट २०२२ मध्यें, वाचकासाठीं नव्हे तर केवळ यंत्रासाठीं लिहिलेल्या पानांकडे दृष्टि वळली. आणि मार्च २०२४ मध्यें, केवळ क्रम मिळविण्यासाठीं घाऊक पानें पाडणें, मग तीं माणसानें लिहिलेलीं असोत वा यंत्रानें, हा स्पष्ट नियमभंग ठरला. पहिल्या स्थानाची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं, हें तर गूगल स्वतःच सांगतें. हें एक वाक्य आधीं वाचलें असतें, तर आमचे पैसे व मनस्ताप दोन्ही वांचते.

मग सरळ मार्ग कोणता? आपल्या शास्त्रकारांनीं ग्रंथारंभीं चार गोष्टी निश्चित करण्याची पद्धति घालून दिली आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. आम्ही जसजसे वाचीत गेलों तसतसें आम्हांस दिसून आलें कीं, या नव्या विद्येंतील बहुतेक उपदेश याच चार खणांत नीट बसतो.

पहिला अधिकारी. हें पान कोणासाठीं आहे, आणि तो वाचक कोणत्या शब्दांनीं विचारील? वहींत अनारशांच्या समासांत लिहिलें आहे, 'हसले तर राखलेली पिठी घालावी.' सूनबाईनें तें जसेंच्या तसें लेखाच्या शेवटीं उतरविलें होतें. अनारसा तुपांत टाकतांच पसरून विरघळूं लागला म्हणजे तो 'हसला', हें जुन्या घरांत पोरासोरांसहि ठाऊक. पण जी मुलगी पहिल्यानेंच अनारसे करीत आहे, तिच्यापाशीं हा शब्दच नाहीं! गूगलचें 'सर्च कन्सोल' नांवाचें एक साधन फुकट मिळतें. कोणते शब्द टाइप केल्यावर आपलें पान लोकांपुढें आलें, तें त्यांत दिसतें. तें उघडून पाहतों तों लोकांनीं विचारलेलें असें: 'अनारसे तुपात विरघळतात', 'अनारसे का तुटतात', कित्येकांनीं तर मराठीच प्रश्न रोमन अक्षरांत टाकलेला. उत्तर वहींत होतें, प्रश्न जगांत होता, आणि दोहोंची गांठ केवळ एका शब्दासाठीं पडत नव्हती. आम्हीं त्या ओळीचा स्वतंत्र भाग केला व त्यास उपशीर्षक दिलें, 'अनारसे तुपांत विरघळले, म्हणजे हसले, तर काय करावें?' शोधणारीस तिच्या शब्दानें उत्तर सांपडलें, आणि जातां जातां आमच्या घरचा शब्दहि तिला मिळाला. वाचकाचे शब्द कळण्यास दुसराहि एक सोपा उपाय आहे: शोधयंत्रांत विषयाचीं चार अक्षरें टाइप करून थांबावें, यंत्र स्वतःच लोकांचे नेहमींचे प्रश्न सुचवितें.

दुसरा विषय. एका पानावर एकच विषय असावा, आणि मथळ्यानें तो उघड सांगावा. 'आठवणींचा गोडवा' हा मथळा कवितेस शोभेल; यंत्रास व अनोळखी वाचकास त्यांतून कांहींच कळत नाहीं. आतां तो 'अनारसे: साहित्य, प्रमाण आणि पीठ बिघडल्यास उपाय' असा आहे. मुख्य उत्तर पहिल्या परिच्छेदांत द्यावें, आठवणी मागून सांगाव्या. मोठ्या मजकुराचे भाग पाडून प्रत्येकास उपशीर्षक द्यावें. पानाचा दोन ओळींचा सारांश लिहावा. त्यानें क्रम वाढत नाहीं, पण वाचकास आंत येण्याची इच्छा होते. छायाचित्राखालीं व त्याच्या पर्यायी मजकुराच्या खणांत तें कशाचें आहे तें शब्दांनीं लिहावें. मराठी लेखकांनीं आणखी एक खबरदारी घ्यावी. मजकूर युनिकोडमध्यें असावा. जुन्या फाँटांत टाइप केलेलें देवनागरी आपल्या डोळ्यांस देवनागरी दिसतें, पण यंत्रास तीं निरर्थक रोमन चिन्हें असतात. कृति लिहिलेल्या कागदाचें नुसतें छायाचित्र टाकणेंहि असेंच वाचकास व यंत्रास अडचणीचें.

तिसरा संबंध. आपल्या एका पानावरून दुसऱ्या संबंधित पानाकडे दुवा द्यावा. अनारशांच्या पानावरून तांदुळाच्या पिठीच्या व अधिक महिन्याच्या वाणाच्या पानाकडे जातां यावें. दुव्यावर 'येथें पाहा' असें न लिहितां पुढें काय आहे तें लिहावें. दुसऱ्यांचे दुवे विकत घेऊं नयेत. उपयुक्त पानास ते सावकाश का होईना, आपण होऊन मिळतात.

चौथें प्रयोजन. वाचून उठतांना वाचकाच्या पदरीं काय पडलें? त्यास पुन्हां मागें जाऊन दुसरें पान उघडावें लागलें, तर आपलें लिहिणें फुकट. पानांची परीक्षा करणाऱ्यांसाठीं गूगलनें जी मार्गदर्शिका केली आहे तींत तज्ज्ञता, अधिकार व विश्वासार्हता यांच्या जोडीस डिसेंबर २०२२ मध्यें 'अनुभव' हा शब्द घातला गेला. ज्यानें पदार्थ स्वतः केला, बिघडविला व सुधारला, त्याच्या सांगण्यास मोल आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून लेखकानें आपलें नांव, आपला अनुभव व आपली चूकहि लिहावी. बहुतेक वाचक मोबाइलवर वाचतात, तेव्हां पान मोबाइलवर नीट दिसतें कीं नाहीं तें पाहावें. अवजड छायाचित्रें हलकीं करून घालावीं.

आणि धीर धरावा. फळ दिसण्यास चार महिन्यांपासून वर्षभर लागतें, असें गूगलकडूनच सांगण्यांत आलें आहे. त्यांतून सणावाराचा विषय असेल तर लेख फार आधीं तयार हवा. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि गूळ मिसळलेलें पीठहि मुरूं द्यावें लागतें. दिवाळीच्या दिवशीं छापलेली कृति दिवाळीस काय कामाची?

आम्हीं भरतीचे शब्द काढले, दडविलेलीं अक्षरें पुसलीं, विकतचे दुवे अमान्य केल्याचें कळविलें आणि पुनर्विचाराचा अर्ज केला. कांहीं आठवड्यांनीं कारवाई उठली. २०२३ सालीं अधिक श्रावण आला. जांवयास तेहतीस अनारशांचें वाण देण्याची चाल अजून अनेक घरीं आहे. त्या महिन्यांत एके रात्रीं इंदुराहून एका अनोळखी बाईंचा संदेश आला. दुसऱ्या दिवशीं वाण द्यावयाचें, आणि पहिलेच दोन अनारसे कढईंत विरघळले. त्यांनीं शोध केला, पान सांपडलें, आमच्या कुटुंबाच्या सूचनेप्रमाणें पिठी मिसळून पीठ थोडा वेळ ठेवलें, आधीं एकच अनारसा तळून पाहिला, आणि मग सारे नीट उतरले. सूनबाईनें तो संदेश आम्हांस वाचून दाखविला, तेव्हां आम्हीं वही उघडून समासांतली ती ओळ पुन्हां पाहिली. तें पान 'अनारसे' या एका शब्दाच्या शोधांत आजहि पहिलें येत नाहीं. येण्याची गरजहि आम्हांस वाटत नाहीं.

२०२४ पासून गूगल कित्येक प्रश्नांचें संक्षिप्त उत्तर यंत्राकडूनच तयार करून पानाच्या माथ्यावर दाखवूं लागलें आहे. त्यामुळें पुष्कळ वाचक मूळ लेखापर्यंत येतच नाहींत, ही लेखकांची तक्रार रास्त आहे. सर्वांनीं लिहिलेलें तेंच पुन्हां लिहिणाऱ्यास आतां जागा उरली नाहीं. ज्यास मीमांसक अपूर्वता म्हणतात, म्हणजे अन्यत्र न मिळणारें असें कांहीं तरी, तेंच लेखकाचें खरें भांडवल. तें बहुतेकांच्या घरीं असतें. कोणाच्या वहींत, कोणाच्या हातांत, कोणाच्या धंद्याच्या अनुभवांत.

असो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस लिहावयाचें असेल त्यांनीं प्रथम घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांस त्यांचें ज्ञान विचारून घ्यावें. मग घरांतल्या सर्वांत लहान सुनेस किंवा मुलीस, त्याविषयीं तिला काय अडतें व तें ती कोणत्या शब्दांनीं विचारील, हें विचारावें. आणि या दोहोंमध्यें जें अंतर दिसेल तेवढें भरून काढण्यासाठीं लेखणी उचलावी. बाकीची मांडणी शिकण्यास फार दिवस लागत नाहींत. आमच्यासारख्या पेन्शनरासहि ती आली.