दुचाकीवरची कंबर

बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा येणाऱ्या हादऱ्यांनी सर्वांत जास्त हलतो, आणि खराब रस्त्यावर मोटारसायकल असेही हादरे देते. त्यात पोक काढून बसलं, की कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब वाढतो. या चकत्यांना रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. हालचालीने त्यांच्या पोषणाला मदत होते. म्हणून लांबच्या प्रवासात तासाभराने उतरून थोडं चालाच.

सगळ्यांत गुणकारी मला वाटते ती सवय म्हणजे गतिरोधक दिसला की वेग कमी करून, गुडघ्यांनी टाकी आवळून, फूटरेस्टवर भार देत सीटवरून बोटभर उठणं. धक्का मांड्या झेलतात, कणा वाचतो. लॅपटॉपची जड सॅक मागच्या सीटवर घट्ट बांधा. मागचे शॉकअप वजनानुसार लावून घ्या. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.