ठोक्यांच्या खुणा जपणारी शमादाने

कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात काही विचारवंतांना एक प्रश्न सतावू लागला. यंत्रामुळे वस्तू स्वस्त झाली. पण ती घडविणाऱ्या माणसाचा आनंद कोठे गेला? जॉन रस्किन यांच्या लेखनातून व विल्यम मॉरिस यांच्या कार्यातून या प्रश्नाला चळवळीचे रूप आले. १८८८ साली लंडनमध्ये तिचे पहिले प्रदर्शन भरले आणि ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हे नाव रूढ झाले. या चळवळीने घडविलेल्या वस्तूंत शमादान, म्हणजे मेणबत्तीची बैठक, लहानशी खरी. परंतु चळवळीचे सारे मर्म तिच्यात उतरले आहे.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील न्यूलिन हे कोळ्यांचे गाव. समुद्र खवळला की तेथील हात रिकामे राहत. त्यांना उद्योग मिळावा म्हणून १८९० साली जॉन ड्र्यू मॅकेंझी यांनी तांबेकामाचा वर्ग उभारला. त्या कोळ्यांनी आपल्या ओळखीचे मासे आणि गलबते तांब्यावर उठावाने उमटविली. अमेरिकेत शिकागो येथील रॉबर्ट जार्वी हे नगरपालिकेचे कारकून. पुढे ते स्वतःस ‘शमादान घडविणारा’ असे म्हणवू लागले. त्यांची सडपातळ, निरलंकार शमादाने कमळाच्या देठासारखी सरळ उभी राहतात. त्यांना नावे दिली होती ग्रीक अक्षरांची.

अशा वस्तूंची पारख कशी करावी? पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना उत्तर अवघड नाही. हाताने मारलेला प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याहून किंचित निराळा असतो. साच्याने उमटविलेल्या नकलेत मात्र त्याच खुणा त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. शमादान उलटे करून तळ पाहावा; सांधे, रिवेट आणि डाख न्याहाळावेत. कारागिराचा शिक्का असल्यास उत्तम; पण शिक्काही खोटा मारता येतो, म्हणून घडण व शिक्का यांची साक्ष जुळते का, हे पाहावे. केवळ ठोक्यांच्या खुणांवरही विसंबू नये. जार्वी यांची कित्येक कामे ओतीव व गुळगुळीत आहेत. मॉरिस यांचे स्नेही डब्ल्यू. ए. एस. बेन्सन यांनी तर तांब्यापितळेच्या दिव्यांसाठी यंत्राचा मोकळेपणाने उपयोग केला.

नवा संग्राहक बहुधा मोठी हानी करतो ती उत्साहाच्या भरात. घरातील समई चिंच लावून लखलखीत करण्याची आपली रीत. तीच येथे लावली, तर शंभर वर्षांत तांब्यावर चढलेला गडद तपकिरी रंग एका दुपारी नाहीसा होतो. तो पुन्हा आणता येत नाही, आणि वस्तूचे मोलही उतरते. धूळ मऊ फडक्याने पुसावी. साचलेले मेण सुरीने खरवडू नये. कोमट पाण्याने मऊ करून अलगद काढावे व वस्तू लगेच कोरडी करावी.

या छंदात एक विषादही दडलेला आहे. सामान्य घरात सुंदर वस्तू नांदावी, ही चळवळीची आकांक्षा होती. पण हाताचे श्रम महाग पडले. सी. आर. ॲशबी यांनी १८८८ साली लंडनच्या पूर्व भागात कारागिरांचा संघ स्थापिला, १९०२ साली तो चिपिंग कॅम्पडेन या खेड्यात नेला. परंतु स्वस्त मालापुढे तो टिकला नाही आणि १९०८ पर्यंत मोडला. ज्या वस्तू सर्वांसाठी घडल्या, त्या आज धनिकांच्या काचेच्या कपाटांत आहेत.

म्हणून संग्राहकाने स्वतःस मालक न मानता राखणदार मानावे. दहा संशयास्पद वस्तूंपेक्षा एक अस्सल शमादान बरे. ते कपाटात कोंडून न ठेवता अधूनमधून भोजनाच्या मेजावर मांडावे आणि घरातील मुलांच्या हाती द्यावे. कोणा अनाम कारागिराच्या हातोडीची लय त्यांच्या बोटांना जाणवली, तर संग्रह सार्थकी लागला असे समजावे.