विखुरलेल्या ग्रंथालयांतील एकत्र शोध

एखाद्या ग्रंथालयांतील सर्व पुस्तकें चाळून हवें तें वाक्य शोधावयाचें म्हटलें, तर माणसाचें आयुष्य पुरणार नाहीं. म्हणूनच पुस्तकाच्या अखेरीस शब्दसूची देण्याची पद्धत पडली. संगणकावरील शोधाचें मर्महि हेंच आहे. प्रश्न येतांच संगणक लेख वाचीत बसत नाहीं. अगोदर तयार करून ठेवलेली सूची तो पाहतो.

परंतु लेखांची संख्या अब्जावधींवर गेली, कीं ही सूची एका यंत्रांत मावत नाहीं. ती अनेक यंत्रांत वांटावी लागते. गूगलच्या अभियंत्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत १५,००० हून अधिक साध्या संगणकांचा उल्लेख आहे. ते सारे एकाच मालकीचे होते. ग्रिडची कल्पना याहून निराळी आहे. दिवा लावणाऱ्यास वीज कोणत्या केंद्रांतून आली हें जाणण्याचें कारण नसतें. त्याचप्रमाणें निरनिराळ्या संस्थांनीं आपापले संगणक जोडून एकमेकांस उपलब्ध करावे, अशी ही योजना आहे. जिनीव्हाजवळील सर्न येथील प्रयोगांची माहिती सांठविणारें व तपासणारें जाळें ४० हून अधिक देशांत पसरलेलें असून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांत सहभागी आहे.

ग्रंथशोधासाठीं असें जाळें उभारलें, तर प्रत्येक ग्रंथालय स्वतःच्या लेखांची सूची स्वतःपाशींच ठेवतें. प्रश्न सर्वांकडे एकदम जातो, प्रत्येकाकडून उत्तरें येतात आणि तीं एकत्र करून गुणानुक्रमें मांडलीं जातात. खरी अडचण या मांडणींतच आहे. जो शब्द थोड्या लेखांत आढळतो, त्याचें वजन अधिक धरावें, हें तत्त्व केंब्रिजच्या विदुषी कॅरन स्पार्क जोन्स यांनीं १९७२ सालीं मांडलें. आतां समजा, एक ग्रंथालय शेतीचें व दुसरें संतवाङ्मयाचें असून प्रत्येकांत १,००० लेख आहेत. ‘ऊस’ हा शब्द पहिल्यांत ५०० लेखांत व दुसऱ्यांत केवळ ५ लेखांत आहे. शेतीच्या ग्रंथालयांत तो सामान्य ठरून त्याला कमी गुण मिळतील. दुसरीकडे तोच दुर्मिळ ठरून अधिक गुण मिळतील. परिणामीं उंसाची लागवड शोधणाऱ्यापुढें प्रथम अभंग येतील! यावर उपाय असा, कीं प्रथम सर्व केंद्रांनीं शब्दांची संख्या एकमेकांस कळवावी आणि २,००० पैकीं ५०५ हेंच प्रमाण दोघांनीं मानावें.

दुसरी अडचण वेळेची. जाळ्यांतील सर्वांत मंद केंद्राची वाट पाहिली, तर सारेंच उत्तर खोळंबतें. न पाहिली, तर उत्तर अपुरें राहतें. म्हणून सूचीच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणीं ठेवतात. तरीहि एखादें केंद्र बंद राहिलें, तर तसें स्पष्ट कळविणें हें व्यवस्थेचें कर्तव्य आहे. एखाद्या औषधाचे दुष्परिणाम शोधणाऱ्या वैद्यास ‘कांहीं आढळलें नाहीं’ आणि ‘दोन ग्रंथालयें पाहतां आलीं नाहींत’ या दोन उत्तरांतील अंतर रोग्याच्या जिवाइतकें मोठें असूं शकतें. पाहिलें नाहीं तें नाहींच, असें भासविणारी सूची नसलेल्या सूचीहून अधिक घातक होय.