परतीचे तिकीट

सिकंदराबादहून परतीचे आरक्षण हवे असले, की पूर्वी आम्ही मुंबईहून तार करवीत असू. बर्थ मिळाला की नाही, ते पुष्कळदा तिकडे गेल्यावरच कळे. आई बरोबर असली, की माझी झोपच उडे!

१९९९ साली मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही केंद्रे ‘कॉन्सर्ट’ने जोडली गेली. प्रत्येक संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम ही आपल्या घरापुरती कारभारीण: कोणाचे काम आधी, कोणती नोंद कोठे. परगावच्या कारभारणीशी बोलणी करणारा मध्यस्थ म्हणजे मिडलवेअर. त्याचा कस लागतो तो मधला दुवा तुटल्यावर. बर्थ लिहिला गेला, पैशांची नोंद राहिली, तर तो सारा व्यवहारच रद्द करवितो. अर्धामुर्धा ठेवीत नाही.

परतीचे तिकीट मुंबईतच प्रथम हाती आले, तेव्हा मी ते आईला दोनदा वाचून दाखवले.